बिट्टूची टाळू

आमच्या अड्याळच्या घरात एक कुत्रं उपाशी मेलं. ते मी मारलं. नात्यातले सगळे आजही समजतात की ते आईनं मारलं, आणि तसं समजायला त्यांना मीच शिकवलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, दादाला सांगितलेलं नाही. आई होती तोवर तिच्याशीही यावर एक शब्द बोललो नाही, आणि ती तरी कुठं बोलली. इतकी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवणं फार जड जातं असं लोक म्हणतात. काही जड जात नाही. दुकान उघडायचं, दुकान बंद करायचं, मधल्या वेळात धानाचं बियाणं विकायचं. दिवस जातात. परवा पुतणीनं फोनवर एक फोटो पाठवला नसता तर उरलेलेही असेच गेले असते.

कुत्रं म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे कुत्रं उभं राहील, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे एक किलो आठशे ग्रॅम होतं. आमच्या बाबांचं अड्याळच्या बाजारात खताबियाण्यांचं दुकान होतं, तिथल्या ज्या पारड्यात झिंक तोलायचे त्याच पारड्यात त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात तोललं होतं. वटवाघळासारखे कान, तुरीच्या काड्यांसारखे चार पाय, आणि डोळे असे की कोणत्या तरी मोठ्या जनावरासाठी केलेले चुकून याला बसवले. जात चिवावा. तशा नावाचा मुलूख कुठं तरी परदेशात आहे असं वहिनी म्हणायची. नाव बिट्टू. बाबा त्याला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत उंदीर म्हणाले.

वैशाली वहिनी नागपूरची. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली, वडील एका कंपनीच्या साहेबाची गाडी चालवायचे. साहेब परदेशात निघून गेला आणि जाताना साहेबीणबाईंनी आपलं पिल्लू ड्रायव्हरच्या मुलीला देऊन टाकलं. बाप दिवसभर गाडीवर, घरात ही एकटी. सहा-सात वर्षं त्या दोन खोल्यांत ती दोघंच होती. हे सगळं मला फार पुढे कळलं, म्हणजे कळून घ्यावंसं वाटलं तेव्हा. त्या वेळी एवढंच दिसलं की दादाची नवी बायको भंडाऱ्याहून आलेल्या एस्टीतून मांडीवर वेताची परडी घेऊन उतरली. आमच्या बायकांना वाटलं परडीत लाडू असतील. आमची एक आत्या घाईची, तिनं ओसरीतच फडक्याखाली हात घातला, आणि लाडवानं तिचं बोट धरलं. त्यावर गावात महिनाभर करमणूक झाली. साहेबाचं उष्टं आंदणात आलं असं लोक म्हणायचे, आमच्या घरचे लोकही म्हणायचे, आणि सर्वांत मोठ्यानं मी म्हणायचो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. बारावीत दोनदा बसून दोनदा आपटलो होतो. घरात माझ्यापेक्षा निरुपयोगी असं काहीतरी आलं याचा मला मनापासून आनंद झाला होता.

त्याच्या स्वभावाविषयी काय सांगावं. इतक्या लहान देहात इतका माज मी माणसांतही क्वचित पाहिला आहे, आणि मी पंचायत समितीतल्या माणसांशी व्यवहार केलेला आहे. आमच्या बैलजोडीच्या पुढ्यात उभं राहून तो भुंकायचा. भुंकायचा म्हणजे किरकिरायचा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. बैल मान खाली घालून त्याला हुंगायचे आणि त्यांच्या एका उच्छ्वासानं हे दोन पावलं मागं सरकायचं, पण तोंड बंद नाही. माणूस एकच मानायचा, वहिनीला. दादा खाटेवर तिच्या शेजारी बसला तर मध्ये येऊन उभा राहायचा, दात दाखवायचा. दादाचं लग्न झालं होतं ते या उंदराशी की त्या बाईशी, असं बाबा ओसरीवरून विचारायचे आणि वहिनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायचे. अनोळखी माणसाच्या टाचेला धरायचा. हाक मारली तर यायचा नाही. थंडी म्हणजे त्याचा वैरी, दिवाळीनंतर तो ऊन असल्याशिवाय बाहेर दिसायचा नाही, वहिनीच्या जुन्या शालीत शिरून नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. आणि थरथर. थंडीनं थरथर, रागानं थरथर, आनंदानं थरथर, कशासाठी आहे ते कळायला मार्ग नाही. मी ठरवून टाकलं होतं की हे नाटक आहे. एकदा ठरवलं की माणसाला किती सोपं जातं.

त्याची व्यवस्था पाहून तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरात जेवायला दोन वेळा बसायचं, मधे भूक लागली तर मुरमुरे. बैलांचं आधी, कारण ते आधी राबतात. कुत्र्यामांजरांचं शेवटी, माणसांचं उरलं तर. हा बाबांचा नियम, त्यांच्या बाबांचाही तोच. आणि हे दीड विताचं जनावर दिवसातून पाच वेळा जेवायचं. सकाळी उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग, मग मऊ भात, मग पुन्हा भात, संध्याकाळी कोंबडीचं पाणी, झोपताना दुधात भिजवलेलं बिस्कीट. आईच्या चुलीवर अंडं चढत नव्हतं, म्हणून वहिनीनं परसात तीन विटा मांडल्या आणि त्यावर एवढंसं पातेलं. गळ्यात पट्टा नाही, त्याची नळी नाजूक. छातीभोवती शिवलेली दोरी. खाटेवरून उडी मारू द्यायची नाही, हाड मोडेल. पुढच्या पायांना धरून उचलायचं नाही, खांदा निखळेल. दात घासायचे. होय, दात, लहान मुलाच्या ब्रशानं. शेजारपाजारची पोरं कुंपणाशी उभी राहून ते बघायची. आता साकोलीला माझ्या दुकानासमोर हायवेवर गाड्या थांबतात, नागझिऱ्याला वाघ पाहायला निघालेली मंडळी उतरतात, मांडीवर असलंच जनावर, अंगात स्वेटर. मी गल्ल्यावरून बघतो. त्यातल्या निम्म्यांनी ते पुढच्या पायांना धरून उचललेलं असतं. स्वेटर घेतात आणि उचलायला शिकत नाहीत, गाढव लेकाचे. मी उठून सांगत नाही. सांगितलं तर विचारतील, तुम्हाला कसं माहीत.

आईचं मात्र वेगळं झालं. पहिले पंधरा दिवस तिनं त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मग एका दुपारी ती दाराशी बसून पोपटीच्या शेंगा सोलत होती आणि ते जवळ येऊन बसलं. तिनं सहज त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं, आणि बोट एका जागी थांबलं. तिनं पुन्हा चाचपलं. मग वहिनीला हाक मारून म्हणाली, “अवं वैशाली, याची तं टाळूच भरली नाही.” खरंच होतं ते. कवटीच्या मधोमध चिंचोक्याएवढी जागा मऊ, तान्ह्या मुलाची असते तशी. वहिनीनं सांगितलं की या जातीत असतं असं, जन्मभर तशीच राहते, म्हणून डोक्याला जपायचं. आई ऐकून घेतल्यासारखं करून उठली आणि तेलाची वाटी घेऊन आली. आमच्याकडे बाळ जन्मलं की टाळू भरतात, बोटानं तेल घेऊन त्या खड्ड्यावर हळूहळू जिरवतात, आईनं गावातल्या निम्म्या पोरांच्या भरल्या होत्या. जन्मभर भरणार नाही अशी टाळू तिला मान्यच नव्हती. त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की ती वाटी घेऊन बसायची आणि हे माजोरडं कुत्रं, जे दादाला दात दाखवायचं, डोळे मिटून तिच्या पुढ्यात मान घालायचं. दोघी बायका आणि मध्ये ते. वहिनीला बापाच्या घरी कोणी तेल लावलेलं नव्हतं. हळूहळू तीही मान पुढे करू लागली. मी हे ओसरीतून बघायचो. आई कुत्र्याची आजी झाली असं मी म्हणायचो. ती हसून म्हणायची, “तूही ये, तुहीबी भरली नाही वाटते.”

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली तेव्हा एक प्रकार झाला. घरात पाहुणे, लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचे घाणे सकाळपासून चाललेले, वहिनीला चुलीपासून हलता आलं नाही आणि बिट्टूच्या दोन वेळा चुकल्या. दुपारी तो अंगणात चालता चालता तिरपा झाला आणि पडला. चारही पाय ताठ. वहिनी हातातला झारा टाकून धावली, खोलीतून मधाची बाटली आणली, बोटानं मध त्याच्या हिरड्यांना चोळला. आम्ही सगळे वडे खात बघत होतो. थोड्या वेळात तो उठून बसला आणि अंग झटकून पाहुण्यांवर भुंकू लागला. बाबा म्हणाले, रात्रीच्या दंडारीच्या खेळात घ्या याला, चांगलं सोंग करते. सगळे हसले. वहिनी हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, कारण मी सर्वांत मोठ्यानं हसत होतो, “भाऊजी, हे सोंग नाही आहे. त्याच्या अंगात साखर टिकत नाही. पोट रिकामं राहिलं की तो जाते.” मी हो म्हटलं. पडून उठणारी गोष्ट सोंगच असते, असं मी मनाशी पक्कं केलं.

पौषात तिच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. दादा आणि ती नागपूरला निघाली, दवाखान्यात कुत्रं नेता येईना. आईकडे ठेवावं तर आई दिवसभर खळ्यावर, मळणीचं धान चुरणं चाललेलं. बाबांना विचारायची सोय नव्हती. उरलो मी. वहिनीनं वहीचं पान फाडून सगळं लिहिलं, किती वाजता काय, किती चमचे, आणि खाली जाड अक्षरात: अंग टाकलं तर मध हिरड्यांना चोळा, लगेच. ते पान तिनं कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं, बिस्किटांचा डबा आणि मधाची बाटली त्याखाली ठेवली. जाताना मला म्हणाली, तुमच्या भरवशावर ठेवून चालली आहे. ती माझ्याकडे प्रथमच काही मागत होती, आणि मला ते गमतीचं वाटलं.

पहिला दिवस मी पाचही वेळा खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी झोपतानाचं बिस्कीट द्यायला मला कंटाळा आला. खोटं कशाला बोलू, कंटाळाच. त्याला दुसरं नाव नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे समोरच्या घरचे किसनआजा गेले.

किसनआजा बाबांचे चुलत काका, म्हणजे भाऊकी. भाऊकीत माणूस गेलं की ते उचलेपर्यंत आमच्याकडे चूल पेटत नाही, गल्लीतल्या सात घरांतल्या साती चुली थंड. एरवी सकाळचं माणूस दुपारपर्यंत नेतात. पण आजाची धाकटी लेक बपेऱ्याला दिलेली, पार तुमसरच्या पलीकडे मध्यप्रदेशाच्या काठावर, आणि तिच्याशिवाय न्यायचं नाही असं आजाच्या म्हातारीनं धरून ठेवलं. एक एस्टी चुकली की पुढची कधी ते कोणी सांगू शकत नव्हतं. सगळे पुरुष ओट्यावर बसून राहिले. थंडी, रिकामं पोट, चहासुद्धा नाही, तंबाखू तेवढा फिरतोय. रडणाऱ्या बायका आतून थोड्या थोड्या वेळानं गळा काढायच्या आणि थांबायच्या. माणूस असा बसला की त्याला हसायला काहीतरी लागतं. कोणी तरी विचारलं, तुमच्या सायबाच्या कुत्र्याचं कसं, त्याचे पाच जेवणं. मी म्हटलं, “त्याले सांगतलं, बाबू तू आता भाऊकीतलाच. तुलेबी सुतक.”

सगळा ओटा हसला. तोंडावर उपरणं धरून हसले, कारण आत मयत होतं. बाबाही हसले. बाबा माझ्या बोलण्यावर हसल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. मी आयुष्यात कधी चारचौघांत बोलून लोकांना हसवलेलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मग दिवसभर तेच चाललं. कोणी विचारायचं, उंदरानं उपास सोडला का, मी म्हणायचो, नाही, तो आजाच्या लेकीची वाट पाहून राहिला. आपल्या एका बोलण्याला लोक पुन्हा पुन्हा हसताहेत, आणि आत खोलीत त्या बोलण्याचा विषय शालीत पडलेला आहे. मला उठून जाऊन त्याला बिस्कीट द्यायला दोन मिनिटं लागली असती. दिलं असतं तर मग ओट्यावर सांगायला काय उरलं असतं.

आई उन्हं वर आल्यावर आजाच्या घरातून बाहेर आली, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “बिट्टूले काही देल्लं का रे?” मी म्हटलं, सुतक आहे. ती म्हणाली, “सुतक माणसायले रायते. मुक्या जीवाले कायचं सुतक? डब्यातलं बिस्कुट भिजव अना दे त्याले.” मी देतो म्हटलं. दुपारी ती पुन्हा दारात आली, तिथूनच तिनं मला विचारलं, देल्लं का. मी ओट्यावरून म्हटलं, देल्लं. शेजारच्यानं मला कोपर मारलं आणि आम्ही दोघं मान खाली घालून हसलो.

बपेऱ्याची आत्या चार वाजता पोचली. मग घाईघाईत उचललं, नाल्यावर नेलं, आंघोळी केल्या, कडुनिंबाचा पाला चावून परत आलो तेव्हा उजेड कलला होता. घराघरांतून धूर निघायला लागला होता आणि भूक अशी लागली होती की दुसरं काही सुचत नव्हतं. आईनं पिठलं-भात टाकला. मी ताटावर बसलो. ती म्हणाली, त्याचंही ने. तेव्हा वाटी घेऊन मी खोलीत गेलो.

तो शालीबाहेर पडलेला होता, फरशीवर. दाराकडे येत असावा. मागचे पाय हळूहळू हलत होते, पाण्यात असल्यासारखे, डोळे उघडे आणि माझ्याकडे नाही. मी कपाट उघडलं आणि ते पान वाचलं. सगळं वाचलं, वरपासून; वेळ काढत होतो. मग मध घेतला. त्याचं तोंड माझ्या दोन बोटांत मावत होतं. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या आणि गार. मध चोळल्यावर त्याची जीभ दोनदा हलली आणि माझ्या बोटाला लागली. तिसऱ्यांदा हलली नाही. मी त्याचं डोकं तळहातावर धरून बसलो होतो आणि माझा अंगठा आपसूक त्या मऊ जागेवर गेला होता. तेलकट होती. आईनं आदल्या दिवशी खळ्यावरून आल्यावर लावलेलं तेल.

आई दारात उभी राहिली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मधाकडे, मग उघड्या डब्याकडे. डबा वहिनीनं भरून ठेवला होता तसाच गळ्यापर्यंत भरलेला होता, एका दिवसाची बिस्किटं कमी. परसात सीताफळाखाली तिनंच खड्डा केला. मी कुदळ मागितली तेव्हा तिनं दिली नाही.

दोन दिवसांनी वहिनी आली. वडील बरे होते, ती खुशीत होती, गेटातूनच तिनं त्याला हाक मारली. आई अंगणात सुपानं धान पाखडत बसली होती. बाबांनी सांगितलं, आणि सांगून दुकानात निघून गेले. वहिनी पायरीवर बसली. रडली नाही. तिनं मला विचारलं, “काय खाल्लं होतं त्यानं त्या दिवशी?” मी तयारीत होतो. दोन दिवस मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो आणि उत्तर घोकून ठेवलं होतं. मी म्हटलं, “आई म्हणाली, चूल नाही पेटली, आज कोणालेच काही नाही.”

सुपाचा आवाज थांबला. मी आईकडे पाहिलं नाही. पण तो आवाज थांबलेला मला अजून ऐकू येतो. धान पाखडण्याचा एक ठेका असतो, तो मधेच तुटला की अंगण केवढं मोकळं होतं. मग आई म्हणाली, “हव बाई. माहंच चुकलं.” आणि सूप पुन्हा सुरू झालं. वहिनी तिच्याकडे वळली. म्हणाली, “तुम्ही तर त्याची टाळू भरत होत्या, आई.” बस एवढंच. मोठ्यानं नाही.

त्या घरात त्यानंतर कोणी भांडलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वहिनी सगळं करायची, आईला आई म्हणायची, दुपारची भांडी झाली की मात्र आपल्या खोलीत जायची. तेलाची वाटी कोनाड्यात राहिली. सहा महिन्यांत दादानं नागपूरला नोकरी पाहिली. जागा लहान आहे, तुम्हाला त्रास होईल, असं म्हणत आईबाबांना त्यांनी कधी राहायला बोलावलं नाही. पुढच्या साली पुतणी झाली. मी आणि आई बाळंतिणीला भेटायला गेलो, माझ्या खांद्यावर तांदळाची पिशवी, तिच्या हातात डिंकाचे लाडू आणि तेलाची छोटी बाटली. पोर दुपट्यावर ठेवलेलं होतं. आईनं हात धुतले, बाटली उघडली, बोटावर तेल घेतलं आणि पुढे वाकली. वहिनीनं मुलीच्या डोक्यावर आपला पंजा ठेवला. “डोक्याला नको, आई. डॉक्टर नाही म्हणतात.” डॉक्टरांनी तसं सांगितलंही असेल. आईनं मान डोलावली आणि तेलाचं बोट स्वतःच्या गुडघ्यावर पुसलं, गुडघ्यासाठीच घेतल्यासारखं. मी दाराशी तांदळाची पिशवी धरून उभा होतो. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी पिशवी कुठं ठेवू असं विचारलं.

परतीच्या एस्टीत भंडारा गेल्यावर ती म्हणाली, “पोरीची टाळू मोठी नाही. भरल आपोआप.” त्यापुढे या विषयावर आमच्यात कधी काही झालं नाही. ती आणखी बरीच वर्षं जगली. गेली तेव्हा वहिनी आली, तेरा दिवस राहिली, रीतीनं सगळं केलं, आणि सामान आवरताना कोनाड्यातली ती वाटी तिच्या हाती आली तेव्हा ती घासून भांड्यांत ठेवून दिली.

आणि परवा हा फोटो. पुतणीनं पुण्यात नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट काय केली तर हेच जनावर घेतलं. तेच कान, तेच उसने डोळे. खाली लिहिलं होतं: काका, आमचा नवा मेंबर, बरं झालं आजी नाही, नाहीतर उपाशी ठेवला असता याला. पुढे तीन हसरे चेहरे. आईच्या जन्मातलं एवढंच त्या मुलीला माहीत आहे. गावभर टाळू भरणारी, आपल्याच नातीच्या डोक्याला जिला बोट लावू दिलं नाही अशी ती बाई, तिच्या नावावर शिल्लक काय तर हा विनोद. पहिला विनोद मीच ओट्यावर केला होता, हा त्याचाच वंश.

मी तिला लांबलचक उत्तर लिहिलं. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं दे. थंडीत फरशीवर सोडू नको. छातीचा पट्टा घे. पुढच्या पायांना धरून उचलू नको. मधाची बाटली हाताशी ठेव. डोक्यावर मऊ जागा असेल तर जप. तिनं लगेच विचारलं, काका, तुम्हाला एवढं कसं माहीत? मी फोन गल्ल्यात ठेवला आणि गिऱ्हाईकाला बियाणं दाखवायला उठलो. असा मी आहे. थरथरायचं म्हणून त्या कुत्र्याला मी भित्रं म्हणायचो. एक किलो आठशे ग्रॅमचं ते बैलांपुढे उभं राहायचं.

वैशाली वहिनीला मी एक वाक्य देणं लागतो. ते फोनवर द्यायचं नाही आणि या कागदावरही दिलं असं धरायचं नाही. नागपूरला तिच्या दारात उभं राहून, पुतणी समोर असताना द्यायचं. बिट्टूला खाऊ घाल म्हणून आईनं मला सांगितलं होतं, आणि घातलं असं मी आईला खोटंच सांगितलं. ते वाक्य मी अजून दिलेलं नाही.